डब्यावरची अक्षरे आणि त्यांची तारीख
(रेल्वेचे बर्फाचे डबे, त्यांची मॉडेले आणि जबलपूरची एक चूक)

या टिपणाची सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझी आहे आणि इतिहास कसा वाचावा हे तिच्यामुळे मला थोडे अधिक कळले.

आमच्या महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी दुसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी रेल्वेच्या डब्याचे मॉडेल केले होते. विषय किसान रेलचा. नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला जाणारी पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी सुटली. भुसावळ, खांडवा, इटारसी करत ती आमच्या जबलपूरला थांबून पुढे कटनी, सतनाकडे जायची. ओमतीपासून स्थानक लांब नाही, त्यामुळे विषय घरचाच वाटला. मुलांनी प्लॅस्टिकच्या पत्र्याचा डबा कापला, रंगवला आणि त्याच्या बाजूवर निळा हिमकण चिकटवला. खाली हिंदीत ‘प्रशीतित’ आणि इंग्रजीत ‘रेफ्रिजरेटेड’ अशी अक्षरे होती. डबा देखणा झाला होता.

प्रदर्शनाला रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ आले होते. चष्मा वर करून त्यांनी डबा नीट न्याहाळला आणि म्हणाले, “सर, ही गाडी मी फलाटावर बघितली आहे. साध्या पार्सल व्हॅन होत्या. हा बर्फाचा शिक्का तुम्ही कुठं बघितला?”

मुलांनी माझ्याकडे पाहिले. शिक्क्याची कल्पना माझी होती. १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पी भाषणात किसान रेलची घोषणा झाली, तेव्हा नाशवंत मालासाठी शीतकरणाची सोय असलेले डबे असतील असे सांगितले गेले होते. मी भाषण वाचले होते, गाडी पाहिली नव्हती. योजनेतला डबा आणि रुळावरचा डबा एकच, असे मी गृहीत धरले आणि मुलांकडून ते अक्षरांत उमटवून घेतले.

मॉडेल रेल्वेच्या छंदात ही चूक जुनी आणि प्रसिद्ध आहे. ती सर्वांत जास्त होते ती बर्फाच्या डब्यांच्या, म्हणजे ज्यांना अमेरिकेत ‘रीफर’ म्हणतात त्यांच्या बाबतीत. तिकडची गोष्ट आधी पाहू, मग जबलपूरला परत येऊ.

बर्फाचा डबा कोणाचा?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकागो हे अमेरिकेतले मांसाच्या व्यापाराचे केंद्र झाले. पश्चिमेकडच्या कुरणांतली जनावरे तिथे येत आणि जिवंतच आगगाडीने पूर्वेकडच्या शहरांत जात. यात नुकसान मोठे होते. जनावराच्या वजनाचा फार मोठा भाग खाण्याच्या उपयोगाचा नसतो, पण भाडे सगळ्या वजनाचे भरावे लागे. वाटेत चारा, पाणी, मेलेली जनावरे हा खर्च वेगळा. जनावर शिकागोतच कापून नुसते मांस पाठवता आले, तर भाडे निम्म्यावर येणार होते. अडचण होती ती मांस ताजे ठेवण्याची.

डेट्रॉइटच्या विल्यम डेव्हिसने १८६८ मध्ये एका डब्याचे पेटंट घेतले. त्यात मांस बर्फ आणि मिठाच्या मिश्रणावर टांगलेले असे. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातला दोष लगेच दिसावा. टांगलेले वजन वळणावर झोके घेते, डब्याचा गुरुत्वमध्य वर जातो आणि डबा रुळावरून उतरू शकतो. तसे घडलेही. पुढे गुस्ताव्हस स्विफ्ट या व्यापाऱ्याने अँड्र्यू चेस नावाच्या अभियंत्याकडून १८७८ च्या सुमारास वेगळी रचना करून घेतली. बर्फ वर, मांस खाली घट्ट रचलेले. थंड हवा जड असते, ती आपोआप खाली येते. मोटर नाही, पंखा नाही.

आता इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. हा डबा रेल्वे कंपन्यांना नको होता. जिवंत जनावरे नेण्याचे डबे आणि वाटेतले गोठे यांत त्यांनी पैसा घातला होता आणि जास्त वजनाचे भाडे त्यांना मिळत होते. स्वतःचा धंदा कमी करणारा डबा त्या कशाला बांधतील? शेवटी स्विफ्टने डबे स्वतःच बांधवले आणि ज्या कॅनेडियन रेल्वेकडे जनावरांची वाहतूक फारशी नव्हती त्या ग्रँड ट्रंक रेल्वेच्या मार्गाने ते पूर्वेला नेले. त्यामुळे अमेरिकेत एक वेगळीच पद्धत रुजली. रूळ आणि इंजिन रेल्वेचे, पण बर्फाचा डबा व्यापाऱ्याचा किंवा डबे भाड्याने देणाऱ्या कंपनीचा. अशा खासगी डब्यांच्या खुणेच्या शेवटी ‘एक्स’ हे अक्षर लिहिण्याचा नियम आहे. डब्याच्या कोपऱ्यातली चार अक्षरे वाचली की मालक रेल्वे आहे की खासगी, हे कळते.

फळांच्या बाबतीत रेल्वे कंपन्या मागून जाग्या झाल्या. युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक या दोन रेल्वेंनी मिळून १९०६ मध्ये ‘पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेस’ ही कंपनी स्थापली. पुढच्या वर्षी ती सुमारे ६,६०० डबे घेऊन चालू झाली. कॅलिफोर्नियाची संत्री आणि भाजी पूर्वेला नेणे हे तिचे काम. मालक रेल्वेच असल्याने तिच्या ‘पी एफ ई’ या खुणेत ‘एक्स’ नाही. डब्याच्या दोन्ही टोकांना बर्फाची कोठी, छतावर झाकणे, आणि वाटेत ठरावीक ठिकाणी लांबच लांब उंच फलाट, जिथून माणसे बर्फाच्या लाद्या छतातून आत ढकलत. मिठाचे पाणी ठिबकून रूळ आणि पूल गंजत. रेल्वेच्या अभियंत्यांना तो कायमचा ताप होता. चांगला मॉडेलकार डब्याच्या खालच्या बाजूला गंजाचा हात फिरवतो तो या ठिबकणाऱ्या पाण्यासाठी.

चालते-फिरते फलक आणि १९३४

डबा व्यापाऱ्याचा म्हटल्यावर त्यावर जाहिरात येणारच. १९२० च्या दशकात बर्फाच्या डब्यांच्या बाजू लोणी, चीज, बिअर, हॅम यांच्या रंगीत जाहिरातींनी भरून गेल्या. पिवळ्या, पांढऱ्या लाकडी फळ्यांवर कोंबड्या, गाई, बाटल्या आणि हातभर अक्षरे. आज संग्राहकांना हे डबे ‘बिलबोर्ड रीफर’ म्हणून माहीत आहेत.

ते बंद झाले त्याचे कारण नीट समजून घ्या, कारण सौंदर्याशी त्याचा संबंध नाही. डबे भाड्याने देणारी कंपनी जाहिरातीच्या बदल्यात व्यापाऱ्याला भाड्यात सूट किंवा पैसे देई. १९०३ च्या एल्किन्स कायद्याने रेल्वे वाहतुकीत एखाद्याच व्यापाऱ्याला मागच्या दाराने सूट देणे गुन्हा ठरवले होते. जाहिरात हे त्या सुटीचे नवे नाव झाले होते. दुसरी तक्रार रोकड्या व्यवहाराची. एका लोण्याच्या कंपनीचे नाव असलेला डबा परत येताना दुसरी कंपनी स्वतःचा माल त्यात का भरेल? मग डबा रिकामा परतायचा आणि रेल्वे रिकामे वजन ओढायची. आंतरराज्य वाणिज्य आयोगाने १९३४ मध्ये निर्णय दिला. नव्या डब्यांवर अशी जाहिरात बंद झाली आणि १९३७ च्या जानेवारीपासून जुने जाहिरातवाले डबेही गाडीला जोडून घेतले जाईनात. लाकडी बाजूंवर साधा रंग फासला गेला.

रेल्वेने स्वतःची जाहिरात स्वतःच्या डब्यावर करायला बंदी नव्हती. म्हणून सांता फे रेल्वेच्या बर्फाच्या डब्यांवर चाळीसच्या दशकातही तिच्या प्रवासी गाड्यांची घोषवाक्ये आणि मार्गाचा नकाशा दिसतो. एकाच रुळावर, एकाच वर्षी, एका डब्यावर चित्र चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही. हा फरक मालकीचा आहे.

आता मॉडेलकडे या. खेळणी आणि मॉडेले विकणाऱ्यांना हे जाहिरातवाले डबे फार आवडतात, कारण ते दुकानाच्या काचेत उठून दिसतात. त्यामुळे पन्नासच्या दशकातल्या पोलादी डब्यावर विशीतल्या चीजची जाहिरात, आणि ती ओढायला डिझेल इंजिन, अशा गाड्या हजारो घरांत फिरत असतात. तारखा लावून पाहा. मुख्य मार्गावर मालगाड्या ओढणारे, जनरल मोटर्सचे ‘एफ टी’ डिझेल इंजिन प्रात्यक्षिकासाठी १९३९ मध्ये बाहेर पडले. जाहिरातवाले डबे १९३७ मध्येच गेले होते. दोघांची गाठ पडणे शक्य नव्हते. अशी गाडी घरात चालवायला कोणाची हरकत नाही, तो खेळ आहे. पण तिच्याकडे बोट दाखवून ‘१९५० ची अमेरिकन मालगाडी अशी होती’ असे कोणी म्हणाले, तर ते विधान खोटे आहे.

डिकॅल: गालावरचा वाघ आणि डब्यावरचा आकडा

लहानपणी च्युइंगमच्या पुडीत निघणारा कागद पाण्याने भिजवून तुम्ही हातावर वाघ उमटवला असेल. मॉडेलवरची अक्षरे जवळपास त्याच जातीची. त्यांना डिकॅल म्हणतात. एका कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर लाखेची अत्यंत पातळ पारदर्शक झिल्ली आणि झिल्लीवर छापलेली अक्षरे. अर्धा-एक मिनिट भिजवले की डिंक सुटतो आणि झिल्ली कागदावरून घसरवून डब्यावर नेता येते. नंतर झिल्ली मऊ करणारा द्रव लावतात, म्हणजे ती फळ्यांच्या खाचांत आणि रिव्हेटच्या डोक्यांवर बसते.

यात नवशिक्याची फसगत एकाच जागी होते. मॉडेलचा रंग मंद, खरखरीत असला तर झिल्लीखाली सूक्ष्म हवा अडकते आणि अक्षरांभोवती चांदीसारखी कड चमकते. म्हणून आधी चकचकीत वॉर्निश, मग डिकॅल, मग पुन्हा मंद वॉर्निश हा क्रम. आमच्या मुलांनी तो पाळला होता. हिमकण अगदी रंगवल्यासारखा बसला होता, हे त्यांच्या कौशल्यासाठी सांगायला हवे.

आकार किती लहान असतात पाहा. सर्वांत प्रचलित प्रमाण ‘एच ओ’, म्हणजे साधारण १:८७. चाळीस फुटी बर्फाचा डबा त्यात १४ सेंटिमीटरचा होतो. मूळ डब्यावरची दोन इंची अक्षरे मॉडेलवर ०.५८ मिलिमीटरची. भिंग घेऊनही ती वाचायला त्रास होतो. तरी मॉडेलकार ती सोडत नाहीत, कारण डब्याची खरी माहिती तिथेच असते. डबा कधी बांधला, रिकामे वजन किती, शेवटचे वजन कुठे आणि कोणत्या महिन्यात केले, चाकांच्या पेट्यांत तेल कधी भरले. ‘बांधणी १९३६, वजन १९४८’ असे लिहिलेला डबा १९४७ च्या देखाव्यात ठेवता येत नाही. म्हणजे प्रत्येक डब्याला एक काळाची खिडकी असते. तिची अलीकडची कड डब्यावरची सर्वांत नवी तारीख ठरवते आणि पलीकडची कड तो प्रकार बंद झाल्याचा नियम ठरवतो. तुमच्या इतिहासाच्या तासाला नाण्यांवरून किंवा लिपीच्या वळणावरून शिलालेखाचा काळ ठरवायला शिकवतात, त्याचीच ही लहान आवृत्ती.

खिडकी कधी फारच अरुंद असते. अमेरिकन डब्यांवर १९६७ पासून रंगीत पट्ट्यांची एक खूण लावणे सक्तीचे झाले, जी रुळाशेजारचे यंत्र वाचून डब्याचा क्रमांक टिपणार होते. आजच्या बारकोडचा तो पूर्वज. धूळ आणि काजळी बसून सुमारे वीस टक्के खुणा वाचता येईनाशा झाल्या आणि १९७७ मध्ये योजना सोडून दिली. मॉडेलवर ही पट्टी लावली की तुम्ही म्हणता, हे सत्तरच्या दशकाच्या आसपासचे दृश्य आहे. बर्फाची कोठी असलेल्या डब्यांचीही तीच अखेरची वर्षे. १९४९ च्या सुमारास यांत्रिक शीतकरणाचे डबे येऊ लागले होते, कारण गोठवलेल्या संत्र्याच्या रसाला बर्फ आणि मीठ पुरेनासे झाले. सत्तरच्या दशकात बर्फाचे फलाट ओस पडले.

आपल्याकडची अक्षरे

भारतीय मॉडेलकाराची पहिली अडचण अक्षरांच्याही आधीची आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागा: १९.३ येतात. बाजारात मिळणारा एच ओ रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो १,४३५ मिलिमीटरच्या युरोपीय-अमेरिकन गेजसाठी आहे. म्हणजे बाजारातल्या रुळावर ठेवलेली भारतीय गाडी पायापासूनच पावणेतीन मिलिमीटर खोटी असते. गंमत अशी की जबलपूरहून नैनपूरमार्गे गोंदियाला जाणाऱ्या जुन्या नॅरोगेजचे गणित चांगले जुळते. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६, आणि बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. जबलपूरचा तो मार्ग २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला. मॉडेलवर मात्र नॅरोगेजच अधिक खरी ठरते. (पुण्याला गेलात तर कोथरूडमधले भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय जरूर पाहा. १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांना खुले आहे आणि एच ओ म्हणजे प्रत्यक्ष केवढे, हे एका फेरीत समजते.)

दुसरी अडचण मालकीच्या अक्षरांची आणि इथे आमचे जबलपूर म्हणजे अभ्यासाची खाण आहे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन या रेल्वे इथेच एकमेकींना भेटल्या. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पेनिन्सुलाचे रूपांतर मध्य रेल्वेत झाले. १ एप्रिल २००३ पासून जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय झाले. ‘जी आय पी’, ‘सी आर’, ‘डब्ल्यू सी’ अशी अक्षरांची तीन कुळे एकाच मार्गाने पाहिली. १९९५ चा म्हणून दाखवलेल्या डब्यावर पश्चिम मध्यची अक्षरे असतील, तर तो डबा अजून जन्मायच्या असलेल्या रेल्वेचा आहे.

नॅरोगेजची गोष्ट याहून मजेदार. ती बेंगॉल नागपूर रेल्वेची. १४ एप्रिल १९५२ ला ती पूर्व रेल्वेत गेली, १ ऑगस्ट १९५५ ला दक्षिण पूर्व रेल्वे झाली आणि २००३ मध्ये दक्षिण पूर्व मध्य. मधली सव्वातीन वर्षे सातपुड्यातल्या त्या छोट्या गाडीची मालकीण पूर्व रेल्वे होती. तुम्ही पूर्व रेल्वेच्या अक्षरांचा नॅरोगेज डबा केला तर बघणारा म्हणेल चूक आहे. तुमच्याकडे तारखा असतील तर वाद तुम्ही जिंकाल.

तिसरी अडचण लिपीची. आपल्या डब्यांवर रोमनबरोबर देवनागरीही असते आणि ती बहुधा स्टेन्सिलने उमटवलेली असते. स्टेन्सिलमध्ये बंदिस्त पोकळी ठेवता येत नाही, आतला तुकडा गळून पडतो. ‘प’ आणि ‘म’ यांच्या पोटातली जागा शिरोरेषेने बंद होते, म्हणून तिथे पत्र्याचा पूल सोडावा लागतो आणि छापलेल्या अक्षरात बारीक फट दिसते. संगणकावरचा नेहमीचा देवनागरी टंक लावला की फट नाहीशी होते आणि डबा लग्नपत्रिकेसारखा दिसू लागतो. जबलपूरकरांना स्टेन्सिल ओळखायला शिकवावे लागत नाही खरे तर. गन कॅरेज फॅक्टरी आणि व्हेइकल फॅक्टरीच्या या गावात रंगवलेल्या खुणा आणि आकडे वाहून नेणाऱ्या गाड्या बघतच आपण मोठे होतो.

आणि पांढरा रंग. आपल्या वाघिणी बहुतेक तांबूस-तपकिरी आणि अक्षरे पांढरी. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते; कागद पांढरा आहे हे तो धरून चालतो. पारदर्शक झिल्लीवर पांढरे अक्षर छापायला गेलात तर काहीच उमटत नाही. उपाय म्हणजे पांढऱ्या झिल्लीचा कागद घेऊन अक्षरे सोडून भोवतीचा तपकिरी रंग छापायचा आणि तो डब्याच्या रंगाशी जुळवायचा. आमच्या मुलांनी सात छटा छापल्या तेव्हा एक जुळली. बाजारात पांढऱ्या टोनरची यंत्रे आहेत, पण एका डब्यासाठी ती कोण घेणार?

आकड्यांबद्दल एक गोष्ट तुम्हाला, विशेषतः संगणकशाखेच्या मुलांना, आवडेल. आजच्या भारतीय मालवाहू वाघिणीचा क्रमांक अकरा अंकी असतो. पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचे वर्ष, नंतर चार अंक तिचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा तपासणी अंक. तो काढायची रीत अशी: सम स्थानांवरच्या अंकांची बेरीज करा, तिला ३ ने गुणा, विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज तीत मिळवा आणि पुढच्या दहाच्या पटीला पोचायला किती कमी पडते ते पाहा. मनाने घेतलेले अंक लावतो: ३२ १६ ०९ १४०७. सम स्थानी २, ६, ९, ४, ७. बेरीज २८, तिप्पट ८४. विषम स्थानी ३, १, ०, १, ०, बेरीज ५. एकूण ८९, म्हणून तपासणी अंक १. आता शेवटचे ०७ उलटे, ७० लिहा. एकूण ७५ येते, तपासणी अंक ५ हवा, म्हणजे चूक पकडली गेली. पण मालकाचे १६ उलटे करून ६१ लिहा: एकूण ७९, तपासणी अंक पुन्हा १. चूक निसटली. शेजारच्या दोन अंकांत पाचाचा फरक असला की ही पद्धत आंधळी होते. का, ते वहीत सिद्ध करा, दोन ओळींचे काम आहे.

मॉडेलवर क्रमांक लावणारे बहुतेक जण कोणतेही अकरा आकडे लावतात. रेल्वेच्या संगणकाने तो डबा स्वीकारलाच नसता.

परत हिमकणाकडे

गार्डसाहेब गेल्यावर आम्ही पाच जण बसलो आणि जे आधी करायचे ते नंतर केले. पहिल्या किसान रेलची सरकारी माहिती वाचली. १,५१९ किलोमीटर, सुमारे पावणेबत्तीस तास, आणि डबे पार्सल व्हॅनचे. शीतकरणाचे डबे देशात नव्हते असे नाही. कपूरथळ्याच्या रेल कोच फॅक्टरीत प्रत्येकी १७ टन क्षमतेच्या नऊ रेफ्रिजरेटेड व्हॅन तयार झाल्या होत्या. कंटेनर कॉर्पोरेशनकडे १२ टनी, हवा खेळणारे आणि उष्णतारोधक असे ९८ कंटेनर होते. एवढ्या मोठ्या देशात नऊ व्हॅन! पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसचे पहिल्या वर्षीचे ६,६०० डबे आठवा.

यावरून लगेच रागवायचे कारण नाही. नाशिकच्या कांद्याला थंडीपेक्षा वारा लागतो. चांगली हवा खेळणारी पार्सल व्हॅन, वेळेवर धावणारी गाडी आणि थोडा माल असला तरी चढवून घेण्याची सोय, एवढ्यानेही छोट्या शेतकऱ्याचे काम बरेच होते. पण द्राक्षांचे, दुधाचे, मासळीचे तसे नाही, आणि घोषणा त्यांच्यासाठी होती. आपल्याकडे रुळांवरून नाशवंत माल गेलाच नाही, असेही म्हणता येत नाही. आणंदचे दूध १९४५ पासून मुंबईच्या दूध योजनेसाठी चारशेहून अधिक किलोमीटर आगगाडीने येत होते, आणि १९७० मध्ये सुरू झालेल्या दुधाच्या महापुरात उष्णतारोधक दुधाच्या टाक्या रुळांवरून दिल्लीपर्यंत गेल्या. मात्र अमेरिकेसारखे व्यापाऱ्यांच्या मालकीचे बर्फाच्या डब्यांचे ताफे इथे उभे राहिले नाहीत. वाघिणी आणि पार्सल डबे बहुतांशी रेल्वेचेच राहिले, आणि मालकी नाही तिथे कोंबड्या-गाईंची चित्रेही आली नाहीत.

आमच्या हिमकणाने नेमके हेच झाकले होते. दहा वर्षांनी कोणी तो डबा पाहिला असता तर २०२० मध्ये जबलपूरवरून शीतकरणाच्या गाड्या जात होत्या असा समज करून घेतला असता. घोषणा आणि अंमलबजावणी यांच्यातले अंतर आम्ही दोन सेंटिमीटरच्या चित्राने बुजवले होते. त्या अंतरात कोणाचे तरी द्राक्षांचे खोके असतात.

एका मुलीने विचारले, “सर, पण छान दिसतो. ठेवला तर?” मी तिला म्हटले, ठेवायचा तर खाली लिही की ही कल्पना आहे. तिने थोडा विचार केला आणि चिकटपट्टी आणली. वॉर्निश चढलेला डिकॅल सहज निघत नाही. पट्टी दाबून ओढल्यावर हिमकणाचे तीन हात निघाले, बाकीचे बारीक सँडपेपरने घासावे लागले आणि खालचा रंगही थोडा गेला. ‘प्रशीतित’ची शिरोरेषा अजून तिरप्या उजेडात दिसते. त्या जागी आता पार्सल व्हॅनची साधी अक्षरे आहेत आणि पाटीवर ‘नमुना: देवळाली–दानापूर किसान रेल, ऑगस्ट २०२०’ असे लिहिले आहे. ती पाटी करण्यापूर्वी मुलांनी त्या महिन्यातली छायाचित्रे शोधून काढली, आणि व्हॅनवरची अक्षरे त्यांतूनच उतरवून घेतली.

तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गावावरून जाणाऱ्या मालगाडीतल्या पाच वाघिणींचे क्रमांक फलाटावरून किंवा फाटकापाशी थांबून लिहून घ्या. रुळांवर उतरू नका. प्रत्येकीचा तपासणी अंक पडताळा, बांधणीचे वर्ष काढा, आणि त्या वर्षी तुमच्या गावाची रेल्वे कोणत्या नावाची होती ते शोधा. पाचांपैकी एखादीवर जुने अक्षर नव्या रंगाखालून डोकावताना दिसले, तर तेही वहीत उतरवा.